नोटीस आधी वाचा, मग परमेश्वरापुढे पसरा

सलाम भाऊ,

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा घरात मोठ्याने वाचला, कारण अशा गोष्टीत बायकोचं मत माझ्यापेक्षा सरळ असतं. आधी तुमची हकीकत माझ्या शब्दांत मांडतो. समजण्यात काही चूक असेल तर सांगा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी तुमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. २०२२ मध्ये कापूस १० हजारांच्या वर गेला, शेतकऱ्यांच्या हातात पैसा आला, तुमची जुनी उधारी वसूल झाली. त्या भरात तुम्ही लेआउटमधला प्लॉट ४.५ लाखांना घेतला. त्यातले २.५ लाख ओळखीच्या माणसाकडून, शेकडा ३ रुपये महिन्याने. पुढे स्वतःच्या दुसऱ्या जागेवर घर काढलं. त्यासाठी हाउसिंग फायनान्स कंपनीचं १४ लाखांचं कर्ज, १३ टक्के व्याज, १५ वर्षं, हप्ता १७,७०० रुपये. नंतर कापूस ७-७.५ हजारांवर उतरला. सोलर पंप आल्यापासून वाइंडिंगचं काम निम्म्यावर आलंय. रेती आणि लोखंडाने अंदाज मोडला, घर स्लॅब आणि आतल्या प्लॅस्टरवर थांबलं. तुम्ही अजून ३,५०० रुपये भाड्याच्या घरात राहता, आणि तीन हप्ते थकले आहेत. कंपनीचं रजिस्टर्ड पत्र आलं, ते तुम्ही न उघडता पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ठेवलं आहे आणि रोज सकाळी त्यावर हात ठेवून प्रार्थना करता. मंडळीत (चर्चमध्ये) तुम्ही साक्ष दिली होती की हे घर देवाने दिलं. आता तिथलेच एक वडील, म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ, म्हणतात की विश्वास कमी पडला. बाहेरून आलेला एक सेवक म्हणतो, बीज-अर्पण द्या, म्हणजे आधी देवाला पैसे पेरा, तो वाढवून परत देईल आणि कर्ज फिटेल. आणि तुम्ही विचारता, प्लॉट किंवा घर विकायला काढलं तर तो देवावरचा अविश्वास होईल का?

माझं उत्तर आहे, नाही होणार. पण एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, म्हणून का ते सांगतो.

मी २४ वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होतो. त्यातली १७ वर्षं आमच्या मंडळीचा खजिनदारही होतो. म्हणजे दिवसा लोकांचे थकलेले हप्ते बघायचे आणि रविवारी त्यांच्याच शेजारी प्रभुभोजनाला बसायचं. निवृत्तीनंतर कर्जात अडकलेली कुटुंबं भेटायला येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर कागद घेऊन बसतो. बहुतेक घरांत मला एकच गोष्ट दिसते, आणि तुमच्या लिहिण्यातही ती आहे. देव माझ्यावर नाराज आहे का, हा एक प्रश्न आणि १७,७०० कुठून आणू, हा दुसरा. या दोन प्रश्नांची एकच गाठ बसलेली असते. ती सुटत नाही तोवर पाकीट उघडण्याची हिंमत होत नाही, कारण आत देवाचा निकाल आहे असं वाटत राहतं. भाऊ, आत देवाचा निकाल नाही. आत वसुली विभागाचं पत्र आहे. त्यावर तारीख आहे, कायद्याचं कलम आहे आणि बहुधा उत्तर द्यायची मुदत आहे. तुम्ही प्रार्थना करत असताना ती मुदत चालूच आहे.

आपल्या भाषेत ‘भाव’ हा एकच शब्द बाजारातही चालतो आणि देवळातही. कापसाचा भाव म्हणतो, आणि नीतिसूत्रांत परमेश्वरावर मनापासून भाव ठेव असं वाचतो. आपल्याकडे शेतीवर पोट असलेल्या माणसांचे हे दोन भाव नकळत एकमेकांना बांधले जातात. कापूस वर गेला की देव प्रसन्न, प्लॉटचा भाव पडला की देवाने तोंड फिरवलं. तुम्ही साक्ष दिली तेव्हा मनापासूनच दिली, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या दिवशी तुमचा एक भाव दुसऱ्यावर उभा होता. आता खालचा सरकला म्हणून वरचा हलतोय.

पत्राची गोष्ट काढतो, कारण पत्र शास्त्रात ठेवायची तुमची रीत शास्त्रातच आहे, फक्त तिची एक पायरी राहून गेली. २ राजे, १९ वा अध्याय. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र यहूदाचा राजा हिज्कीया याच्या हाती आलं. त्याने ते घेतलं, वाचलं, आणि मग परमेश्वराच्या मंदिरात जाऊन त्याच्यापुढे पसरलं. आधी वाचलं. शत्रूने काय लिहिलंय ते त्याला ठाऊक होतं, म्हणूनच त्याची प्रार्थना इतकी नेमकी झाली. पत्रातला प्रत्येक मुद्दा त्याने देवाला सांगितला. न वाचलेल्या पत्रावर हात ठेवून केलेल्या प्रार्थनेत भीती जास्त असते आणि सांगण्यासारखं फार काही नसतं. आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाई माझ्याकडे मुलाच्या कर्जाची नोटीस घेऊन आल्या होत्या. मी आधी प्रार्थना करू म्हणालो. त्या म्हणाल्या, “करू ना भाऊ, पण त्या कागदात काय लिवलं हाय ते त आधी वाचून सांग. देवाले काय सांगाव हे मले कसं समजन?” त्या दिवसापासून मी आधी कागद वाचतो.

आता पत्रात काय असू शकतं ते सांगतो. ते न बघता नक्की सांगता येणार नाही, म्हणून दोन्ही शक्यता धरतो. नुसतं स्मरणपत्र असेल तर तुमच्या हातात बरंच काही आहे. पण हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं एनपीए (थकीत खातं) होतं, आणि त्यानंतर कंपनी २००२ च्या सरफेसी कायद्याच्या (तारण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) कलम १३(२) खाली मागणी नोटीस काढू शकते. त्या नोटिशीत संपूर्ण रक्कम ६० दिवसांत भरा असं म्हटलेलं असतं. लोक तिथेच गळून जातात, कारण १३ लाख दोन महिन्यांत कुठून येणार? पण त्या ६० दिवसांत तुम्ही लेखी म्हणणं मांडू शकता, आणि कंपनीला १५ दिवसांत त्याचं उत्तर द्यावंच लागतं. ६० दिवस गेल्यावर ताब्याची कारवाई, मग लिलाव, आणि लिलावाआधी पुन्हा ३० दिवसांची नोटीस. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं, आणि ते नागपूरला आहे, मुंबईला धावायची गरज नाही. लिलाव झालाच आणि कर्ज, खर्च वळते होऊन पैसे उरले, तर ते तुमचे असतात. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

म्हणजे एका सकाळी कोणी येऊन सामान रस्त्यावर फेकेल असं होत नाही. मुदती आहेत, पण त्या मोजायला पाकीट उघडावं लागतं. वसुलीवाल्या पोरांचे फोन येत असतील तर तेही ध्यानात ठेवा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर त्यांना फोन करता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दमदाटी झाली तर तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या, दाद लागली नाही तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे. तुम्ही कर्जदार आहात, गुन्हेगार नाही.

आता प्लॉट. इथे मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण माझ्या मते तुमचं खरं दुखणं घरात नाही, प्लॉटमध्ये आहे.

तुम्ही लिहिलंय की ३.६ लाखांचं गिऱ्हाईक आहे, पण ९० हजारांचा तोटा सहन होत नाही, आणि देव भाव परत वर आणेल असा विश्वास आहे. भाऊ, २.५ लाखांवर शेकडा ३ म्हणजे महिन्याला ७,५००, वर्षाला ९०,०००. तुम्ही ज्या तोट्याला भिता, तेवढेच पैसे दर वर्षी व्याजात देता. तीन वर्षांत २.७० लाख गेले, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त, आणि मुद्दल तसंच उभं आहे. पुढच्या वर्षी भाव चढून पुन्हा ४.५ लाख झाला तरी तुम्ही आजच्या एवढेच राहाल. वर यायचं तर भाव त्याहून वर जायला हवा, तोही एका वर्षात. म्हणजे ३.६ लाखांवर वर्षाला २५ टक्क्यांहून जास्त. एवढा प्लॉट वाढतो असं मी नोकरीच्या २४ वर्षांत पाहिलं नाही.

हे मी वरून सांगत नाही. २०११ मध्ये मी स्वतः असाच प्लॉट घेतला होता. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे मंजूर झाली होती, कळंबच्या बाजूला जो तो लेआउट पाडत होता, आणि बँकेत कर्जाच्या टेबलावर बसणारा मी, मलाही वाटलं की दोन वर्षांत दुप्पट होईल. बायकोच्या पाटल्या मोडल्या, वर थोडं कर्ज काढलं. जमीन अकृषक झालेली नव्हती. “होईल लवकरच” या एका वाक्यावर मी विसंबलो. इतरांच्या कागदांत मी तेच वाक्य खोडायचो. पुढे विकायला गेलो तर गिऱ्हाइकाला बँक कर्ज देईना, कारण एनए (अकृषक परवाना) नाही. सात वर्षं तो प्लॉट मी धरून ठेवला. रोजच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेत होतो. २०१८ मध्ये पडत्या भावात विकला. कळंबपर्यंत गाडी धावली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये.

त्या सात वर्षांत मी ज्याला विश्वास म्हणत होतो त्यात विश्वास थोडा होता आणि चूक कबूल न करण्याची हट्टी लाज पुष्कळ होती. बायकोच्या पाटल्यांचा विषय काढायची हिंमत नव्हती, म्हणून मी देवाला भाव वाढवायला सांगत होतो. विकून आलो त्या रात्री तिच्याजवळ मोकळेपणाने रडलो. मी खऱ्या अर्थाने देवावर भरवसा ठेवायला त्या रात्री सुरुवात केली असं मला वाटतं, कारण तोवर भरवसा रेल्वेवर होता.

प्लॉट धरून ठेवायला सांगणारे लोक यिर्मया संदेष्ट्याचा दाखला देतात. तुमच्याही कानावर आला असेल. बाबेलच्या फौजेने यरुशलेमेला वेढा घातलेला, यिर्मया पहाऱ्याच्या चौकात कैदेत, आणि तशा मंदीत त्याने चुलतभाऊ हनामेल याच्याकडून अनाथोथचं शेत १७ शेकेल रुपं (चांदी) देऊन घेतलं. म्हणून आपणही विश्वासाने जमीन धरावी, असं म्हणतात. ३२ वा अध्याय सावकाश वाचा. यिर्मयाने रुपं तोलून रोख दिलं, उसनं काढलं नाही. खत लिहिलं, साक्षीदार घेतले, मोहोर केली, एक प्रत बंद आणि एक उघडी, आणि दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्याकडून मातीच्या मडक्यात ठेवून घेतल्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. आमच्या बँकेतही इतके चोख कागद कमी यायचे. आणि त्या शेतावर नफा होईल असं वचन देवाने त्याला दिलेलं नाही. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, एवढंच वचन आहे, तेही लोकांसाठी. बाबेलच्या बंदिवासासाठी त्यानेच ७० वर्षं सांगितली होती. तो दिवस बघायला आपण नसू हे त्याला ठाऊक होतं. या दाखल्यावर शेकडा ३ चा प्लॉट उभा राहत नाही.

विकण्याबद्दलही शास्त्र गप्प नाही. लेवीय २५ मध्ये भाऊबंद कंगाल होऊन आपलं वतन विकेल, हे गृहीत धरूनच नियम दिले आहेत. तटबंदीच्या नगरातलं घर विकलं तर वर्षभरात सोडवता येईल, आणि तटबंदी नसलेल्या खेड्यातलं घर शेतासारखं धरायचं, ते योबेल वर्षी, म्हणजे दर पन्नासाव्या वर्षी, परत मिळेल. देवाच्या नियमशास्त्रात घर विकणाऱ्या माणसाला अविश्वासी म्हटलेलं नाही. त्याच्यासाठी वाट ठेवली आहे, आणि त्याचं सोडवून द्यायची जबाबदारी जवळच्या नातलगावर टाकली आहे.

आता हिशेब. प्लॉट ३.६ लाखांना गेला तर २.५ लाख त्या माणसाचे देऊन १.१० लाख हातात राहतील. पैसे देताना लेखी पोच घ्या, आणि तुम्ही सही केलेला कोरा स्टॅम्प किंवा चेक त्याच्याकडे असेल तर तो परत घेतल्याशिवाय रक्कम सोडू नका. त्याच्याकडे सावकारीचा परवाना नसेल तर महाराष्ट्रात ते बेकायदा आहे, २०१४ चा कायदा आहे, आणि तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. तक्रार करायची की नाही हे तुमच्या गावातल्या संबंधांवर अवलंबून आहे, मी आग्रह करणार नाही. पण तो अडवून बसला तर तो रस्ता आहे हे त्याला कळू द्या.

१.१० लाखातून तीन हप्ते, म्हणजे ५३,१०० आणि वर काही दंड. उरतील ५० हजारांच्या आसपास. त्यात घर पूर्ण होणार नाही. पण दोन खोल्या राहण्याजोग्या होतील. फरशी नको, कोबा चालतो. एक दार, एक संडास-न्हाणी, दोन खोल्यांची लाईट. रंग नाही, पीओपी नाही, कंपाउंड नाही. तिथे राहायला जा. व्याजाचे ७,५०० आणि भाड्याचे ३,५००, असे महिन्याला ११,००० वाचतील. नाताळला अर्धवट घरात पाहुणे येतील तर येऊ द्या.

त्यानंतर कंपनीकडे जा. फोनवर नको, शाखेत, आणि वहिनींना घेऊन, कारण बहुधा त्याही सहकर्जदार असतील. मागणी लेखी द्या की मुदत वाढवून हप्ता कमी करावा. माझ्या अंदाजाने मुद्दल अजून १३.४० लाखांच्या घरात असेल. २० वर्षं धरली तर हप्ता १५,७०० च्या आसपास येतो, म्हणजे २ हजारांनी कमी. एकूण व्याज मात्र वाढतं, ते समजून घ्या आणि हातात पैसा आला की मुद्दलात भरत जा. फिरत्या व्याजदराचं कर्ज असेल तर व्यक्तीला मुदतपूर्व भरण्याचा दंड लागत नाही. वर्षभर हप्ते नीट गेले की एखाद्या बँकेत कर्ज वळवायचा प्रयत्न करा, १३ टक्के फार आहेत. आज मात्र कोणतीही बँक दारात उभं करणार नाही, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.

आणि एवढं करूनही जमलं नाही तर? दुकानाचं काम आणखी घटलं, किंवा प्लॉटची जमीन एनए नसल्याने गिऱ्हाईक मागे फिरलं, तर घर स्वतःहून विकणं लिलावापेक्षा केव्हाही बरं. लिलावात भाव तुटतोच. २०१९ मध्ये आमच्या मंडळीतल्या एका कुटुंबाने तसं केलं. नवीन घर विकलं, कर्ज फेडलं, आणि जुन्या वस्तीत दोन खोल्यांत राहायला गेले. आजही भाड्यानेच राहतात. देवाने त्यांना दुप्पट परत दिलं असं मी सांगणार नाही, कारण तसं झालेलं नाही. मुलगी नर्सिंगला आहे, बाई अजून शब्बाथशाळेत पोरांना गाणी शिकवतात. दुसऱ्या एका घराने शेवटपर्यंत ‘देव वाचवेल’ म्हणत एकही पत्र उघडलं नाही. त्यांच्या भिंतीवर ताब्याचा कागद चिकटवलेला मी पाहिला. दोन्ही घरांचा देव एकच होता. दुसऱ्या घरातले लोक पहिल्यापेक्षा कमी प्रार्थना करत होते असंही नाही.

तुम्हाला ‘विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्या वडिलांबद्दल. ते मनाने वाईट नसतील. लोकांना दुसऱ्याच्या संकटाचं कारण हवं असतं, म्हणजे ते आपल्यावर येणार नाही असं वाटतं. त्यांच्यासाठी २ राजे, ४ था अध्याय. एका संदेष्ट्याच्या शिष्याची विधवा अलीशा संदेष्ट्याकडे ओरडत आली. नवरा परमेश्वराचं भय धरणारा होता, हे अलीशालाही ठाऊक होतं, आणि तरी तो कर्ज मागे ठेवून मेला होता. सावकार दोन मुलांना दास करून न्यायला आला होता. अलीशाने तिच्या नवऱ्याचा विश्वास मोजला नाही. तुझ्या घरात काय आहे, असं विचारलं. तेलाची एक कुपी. मग शेजाऱ्यांकडून भांडी मागून आण म्हणाला, म्हणजे तिची अडचण गल्लीभर कळली. त्या एका कुपीतून सगळी भांडी भरली. आणि तेल भरल्यावर सांगितलं, ते विक, कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि मुलं जगा. चमत्काराचं तेलसुद्धा बाजारातच विकलं गेलं, आणि त्यातून पहिले पैसे सावकाराला गेले.

यातच बीज-अर्पणाचंही उत्तर आहे. अलीशाने त्या तेलातला वाटा मागितला नाही. मी १७ वर्षं दानपेटी मोजली आहे, दान देण्याच्या विरोधात मी बोलू शकत नाही. दशमांशाबद्दल मंडळ्यांमंडळ्यांत मतं वेगळी आहेत, तुमच्या पाळकसाहेबांशी बोला. पण थकलेल्या हप्त्याचा पैसा तुमचा नाही, तो देणं आहे. दुसऱ्याचं देणं अडवून आणि उसनं काढून देवाला द्या असं जो सांगतो, त्याला एक रुपया देऊ नका. खजिनदार असताना अशी पाकिटं मी दोनदा परत केली. घेताना त्या माणसांचे डोळे भरून आले होते.

साक्षीबद्दल तुम्हाला फार लाज वाटते, चार रविवार उपासनेला गेला नाहीत म्हणता. त्या साक्षीत खोटं काही नव्हतं. देवाने दिलं म्हणजे ते पुन्हा हातून जाणारच नाही, असं तुम्ही बोलला नव्हता. तुम्ही आणि ऐकणाऱ्यांनी ते पुढे जोडलं. पुढच्या रविवारी जा. सगळ्यांपुढे उभं राहून आकडे सांगायची गरज नाही, तो मान मंडळीचा नाही. आधी पाळकसाहेब आणि एखादा विश्वासू माणूस, एवढ्यांनाच सगळं खरं सांगा. मागायचंच असेल तर काम मागा. मंडळीत कोणी सुतार, कोणी इलेक्ट्रिशियन असेलच, त्यांच्या चार दिवसांच्या श्रमाने तुमच्या दोन खोल्या उभ्या राहतील. कोणाला जामीन राहा म्हणू नका, आणि तुम्हीही कोणाचे राहू नका. नीतिसूत्रे २२ मध्ये जामिनाच्या अंगाखालचं अंथरूण काढून नेतील असं म्हटलंय ते अगदी खरं आहे. एका बांधवासाठी मी एकदा सही केली होती. पैसे भरले त्याचं दुःख गेलं, पण आम्ही दोघं आजही उपासनेनंतर वेगवेगळ्या दाराने बाहेर पडतो.

एक वाक्य तुम्ही मध्येच लिहून पुढे गेलात, की कधी कधी सगळं संपवावंसं वाटतं. मी पुढे जाणार नाही. आपल्या भागात हे वाक्य किती घरांत बोललं गेलं आणि त्यानंतर काय झालं, ते आपण दोघंही जाणतो. १३ लाख ४० हजार ही रक्कम आहे, ती फिटते, कमी करता येते, घर देऊन बंद करता येते. तुमच्या दहावीतल्या मुलीला बाप मात्र दुसरा मिळणार नाही. तो विचार आला की एकटे राहू नका, वहिनींना सांगा, पाळकसाहेबांना रात्री उठवायला लागलं तरी उठवा. १४४१६ हा टेलिमानसचा फोन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तिथे फोन लावणं हा विश्वासातला कमीपणा नाही. एलीया संदेष्टा रतमाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला रागावलं नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, आणि पुन्हा झोपू दिलं.

तर आज रात्री जेवण झाल्यावर वहिनींना जवळ बसवा आणि पाकीट दोघं मिळून उघडा. तारीख कोणती, कलम कोणतं लिहिलंय आणि रक्कम किती, हे तीन आकडे वहीत उतरवा. मग ते पत्र शास्त्रात परत ठेवायचं असेल तर ठेवा, आणि हिज्कीयासारखं एकेक ओळ देवाला सांगा. उद्या मला ती तारीख, ते कलम आणि प्लॉटच्या एनएचा कागद आहे की नाही, एवढं कळवा. कंपनीला द्यायचं उत्तर आपण मिळून लिहू.